चादरींच्या घड्या आणि ताईचा श्वास

आम्हा तिघी बहिणींच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये ताई थोरली आणि मी धाकटी. त्यामुळे तिच्याबद्दल सांगताना मधूनमधून भांडणही येईल, ते चालवून घ्या.

आमची आई लॉन्ड्री चालवायची. हॉटेलच्या चादरी धुऊन वाळल्या की घड्या घालायचं काम आमच्या गळ्यात. एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला मी आणि मधली. तोंडाने गाणं चालूच असायचं. ताईच्या नाकावर रागही असायचा आणि श्वासही तिथूनच, चांगला मोठ्याने. तिने श्वास घेतला की आम्ही चादर ताणायचो आणि पुढचं कडवंही उचलायचो. कुणी कधी 'एक, दोन, तीन' म्हटल्याचं मला आठवत नाही.

पुढे आईने एकाच ताग्यातून तीन झगे शिवले आणि आम्ही हॉल मिळेल तिथे गायला लागलो. तिसऱ्या वर्षी एक कॅसेट अशी चालली, की बसमध्ये आम्ही, सलूनमध्येही आम्हीच! रेकॉर्डिंगवाले काका मात्र ताईपुढे हात टेकायचे.

"अगं, श्वास घेतेस की सायकलमध्ये हवा भरतेस? कापावा लागतो दर वेळी."

"कापा की," ताई म्हणायची. "पण आधी घेऊ तर द्या!"

अशी बावीस वर्षं गेली. मग ताईच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, पण गाण्याचा आवाज गेला. राहिली फक्त कुजबूज. दोन महिन्यांवर एक कार्यक्रम ठरलेला होता. मधली म्हणाली, रद्द करू. ताईने कागद ओढला आणि लिहिलं, 'गाठ माझ्या घशात होती, तुमच्या नाही.'

म्हणून आम्ही दोघी तालमीला बसलो. ड्रमवाल्याने चार ठोके दिले. मधली आधीच सुटली आणि माझं वरातीमागून घोडं. पुन्हा ठोके, पुन्हा तेच.

"तुला घाई कसली झालीय?"

"तूच झोपा काढतेस!"

अकरा वेळा झालं. इतकी वर्षं गाऊन आम्हाला साधी सुरुवात करता येईना. मला रडूच कोसळलं. ग्रुप संपला, असं मी सगळ्यांदेखत बोलूनही टाकलं.

ताई कोपऱ्यात आमचे झगे इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली, आमच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि नाकाने श्वास घेतला. ऑपरेशननंतर तो आणखीच खरखरीत झाला होता. आम्ही दोघी गायला लागलो. एकाच वेळी लागलो, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा दुसरी ओळ संपत आली होती. मधलीचे डोळे भरून वाहत होते, पण ती थांबली नाही.

कार्यक्रमाला तिघी एकसारखे झगे घालून गेलो. रेकॉर्डिंगवाले काका आता पिकल्या केसांचे, पण आवाजाचं काम त्यांच्याकडेच होतं. ताईपुढे तिसरा माईक त्यांनी स्वतः लावला, तोंडापासून जरा वर, बरोबर नाकासमोर. "आज कापणार नाही हो," म्हणाले.

मध्यंतरात एक बाई भेटायला आल्या. त्यांनी ताईला विचारलं, "या दोघी गातात ते कळलं. तुम्ही काय करता?"

ताई कुजबुजली, "मी सुरू करून देते."