एकाच अंगाची वेगवेगळी मापं

कुवेतमधल्या फरवानियात आमच्या इमारतीखाली शिलाईचं एक दुकान होतं. मालक रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही म्हणायचे. आखाती युद्ध सरल्यावर दोनेक वर्षांनी मी नवऱ्याच्या मागोमाग तिथे आले, घरात बसून कंटाळले, तेव्हा मास्तरांनी मला कामावर घेतलं. तिथल्या इंग्रज लोकांची एक हौशी नाटकमंडळी होती. शिक्षक, नर्सेस, तेलकंपन्यांतले इंजिनियर मिळून दर हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये नाटक करायचे. त्यांच्या कपड्यांचं काम आमच्याकडे आलं आणि मास्तरांनी ते माझ्यावर सोपवलं.

त्या मंडळीत एकच माणूस हौशी नव्हता, तो पेशानेच नट होता. साठी उलटलेला, लांब नाकाचा, उन्हातही लोकरीचं जाकीट घालणारा. त्यांची मुलगी त्याच शाळेत शिकवायची. बायको गेल्यापासून ते दर हिवाळा मुलीकडे काढत. बाकीचे त्यांना नावाने हाक मारायचे. मला ते जमेना, मी अंकल म्हणू लागले.

पहिल्या वर्षी त्यांना दोन कामं होती, न्यायाधीशाचं आणि एका म्हाताऱ्या नोकराचं. मी एकदाच माप घेऊन दोन्ही कोट बेतले. न्यायाधीशाचा कोट अंगाबरोबर बसला. नोकराचा मात्र खांद्यावरून घसरला, बाह्या बोटांपर्यंत आल्या. मी ओशाळले. पट्टी गळ्यात तशीच लटकत होती. त्यांनी सावकाश, मला समजेल अशा इंग्रजीत सांगितलं की चूक तुझी नाही, परवा तू न्यायाधीशाचं माप घेतलंस, नोकराचं अजून घेतलेलंच नाहीस. मग माझ्यासमोर त्यांनी खांदे पुढे सोडले, मान आत घेतली, आणि उंच माणूस बघता बघता बुटका झाला. मी पुन्हा माप घेतलं. खांदा, पाठ, बाही, सगळं वेगळं आलं. तेव्हापासून पट्टी लावण्याआधी मी विचारायचे, आज कोणाचं माप?

ट्रायलच्या वेळी ते आपल्या जुन्या गोष्टी सांगायचे. मिसरूड फुटायच्या आत ते एका फिरत्या नाटक कंपनीत शिरले होते. दर आठवड्याला नवं नाटक. संध्याकाळी एकाचा प्रयोग, सकाळी दुसऱ्याची तालीम, त्यामुळे झोपेत ते कोणाची वाक्यं बोलताहेत हे बायकोला कळायचं नाही. पुढे रेडिओ. तिथे एकाच नाटकात ते डॉक्टरही झाले आणि त्याच्यापुढे कण्हणारा रोगीही. मग टीव्ही आणि सिनेमा. पोलीस, पाद्री, खाणावळवाला, हेर, खुनी. नायक मात्र कधी नाही. हे नाक घेऊन प्रेम करायला मला कोणी सांगितलं नाही, असं म्हणून ते हसायचे. लंडनच्या बसमध्ये लोक त्यांच्याकडे ओळखीचं हसत आणि विचारत, तुम्ही आमच्या गावच्या बँकेत होता ना? ते खुशाल हो म्हणत. नाव कोणाला ठाऊक नाही आणि चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, याची त्यांना खंत नव्हती. उलट अभिमान होता.

एका हिवाळ्यात त्यांच्या वाट्याला म्हाताऱ्या शिंप्याचं काम आलं. रोज दुपारी ते दुकानात येऊन इस्त्रीच्या टेबलाजवळ स्टुलावर बसू लागले. मास्तर आधी अवघडले. गोरा साहेब आपल्याला न्याहाळतोय, हे त्यांना रुचत नव्हतं. पण गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू झाली की ते विसरून जायचे. चार वाजता दोघांसाठी दाट दुधाचा चहा यायचा. एकाचं हिंदी, दुसऱ्याचं इंग्रजी, मधे हातवारे, एवढ्यावर त्यांच्या गप्पा चालत.

प्रयोगाची तिकिटं अंकलच्या मुलीने आणून दिली. शुक्रवारी संध्याकाळी मी, माझा नवरा आणि मास्तर गेलो. मास्तरांनी इस्त्रीचा सफारी घातला होता.

पडदा उघडला आणि मला धडकीच भरली. रंगमंचावर आमचे मास्तर होते. ओठांत धरलेल्या टाचण्या, कानामागे खडू, चष्म्यावरून बघणं, कापड नीट करायला टेबलावर गुडघा टेकणं, सगळं तसंच. फक्त हा शिंपी वीसएक वर्षांनी म्हातारा होता. हात थरथरत होते, पण कापडाला लागले की स्थिर व्हायचे. लोक हसत होते. मास्तरांना हा अपमान वाटणार, या भीतीने मी त्यांच्याकडे बघेना. शेवटी बघितलं, तेव्हा ते अगदी पुढे सरकून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आम्ही टॅक्सीने परतत होतो. फरवानियाच्या चौकाशी आल्यावर मास्तर म्हणाले, “ताई, तो मी नव्हतो. माझा बाप होता तो.”

त्यांचे वडील गावात शिवणकाम करायचे. मास्तर तरुणपणी कुवेतला आले, आणि वडील गेले तेव्हा त्यांना जाता आलं नव्हतं.

“बापाला म्हातारा झालेला मी कधी बघितलाच नव्हता,” ते म्हणाले. “आज बघितला.”

दुसऱ्या दिवशी कॉलर बदलायला मी हॉलवर गेले, तेव्हा माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत अंकलना हे सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग कोट तसाच टाकून माझ्याबरोबर दुकानात आले. मास्तरांना त्यांनी एकच विचारलं, “तुमचे वडील आणखी काय करायचे? माझं काय राहून गेलं?”

मास्तरांनी थोडा विचार केला. सुई उचलली, कानशिलावरच्या केसांतून एकदा फिरवली, आणि मगच कापडात घातली. केसांतल्या तेलाने सुई सुळकन जाते, असं वडील म्हणत.

पुढच्या प्रयोगाला मी आणि मास्तर पुन्हा गेलो. दुसऱ्या अंकात नायिका बोलत असताना कोपऱ्यातल्या शिंप्याने सुई केसांतून फिरवली. कोणाचं लक्षही गेलं नसेल. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही, नुसती मान हलवली. मी पुष्कळ नाटकं बघितली आहेत, पण एका प्रेक्षकासाठी एवढं जपून केलेलं काम पुन्हा पाहिलं नाही.

पुढेही ते येत राहिले. धर्मगुरू झाले, दारुडा झाले, एकदा आजीबाईसुद्धा. नवं शतक लागलं आणि वाक्यं त्यांना दगा देऊ लागली. दुसऱ्या कोणी सांगायच्या आत त्यांनीच मंडळींना सांगितलं, मला आता न बोलणारं काम द्या. मिळालं स्टेशनवरच्या हमालाचं. तरी कोटासाठी ते आधीइतकेच काटेकोर होते. याचा हात कायम उजव्या खिशात असतो, तर तो खिसा लोंबायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मी कोट ओला करून खिशात वजन घालून टांगला, दोन-तीनदा, तेव्हा मनासारखा झाला. प्रयोगात ते फक्त बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत, आणि सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. मुख्य काम करणारा इंजिनियर मला विंगेत म्हणाला, पुढल्या खेपेला याला पाठमोरा बसवा.

त्यानंतर ते आले नाहीत. दोन हिवाळे गेले. मग नोकरी सोडून परत निघालेली त्यांची मुलगी आमचा निरोप घ्यायला दुकानात आली, आणि अंकल गेल्याचं कळलं. मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि फार त्रास झाला का, असं विचारलं. ती म्हणाली, फारसा नाही, शेवटच्या आठवड्यात ते डॉक्टरांच्या नकला करून नर्सना हसवत होते, आणि एक दिवस डॉक्टर दारात उभे राहून बघत होते.

मास्तरांनी हळू आवाजात दुवा मागितली. मग मोठ्या खुर्चीवरचे कपडे उचलून तिला बसायला दिलं, आणि चहा सांगितला.