जादूगारणीची हजेरी

माझं लग्न ठरलं तेव्हा बैठकीत मुलाकडच्यांनी सांगितलं, "आम्हाला काही नको. नारळ आणि मुलगी द्या, बाकी सगळं आम्ही बघतो." आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे वाक्य पुढं कितीतरी दिवस जुळे सोलापुरात भेटेल त्याला सांगितलं. भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं. मी मात्र चहाचा ट्रे हातात धरून तिथंच चिडले होते. बाकी सगळं म्हणजे नक्की काय काय, हे कुणी विचारलंच नाही.

माझ्या नाकावर राग असतो, असं आई म्हणते. खरं आहे. पण तो नाकावरच बसून राहतो, तोंडापर्यंत येत नाही. आमच्या घरात सगळं आण्णा ठरवतात. मी कॉमर्सला जायचं, हे त्यांनी ठरवलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला बसायचं, हेही त्यांनीच, कारण मालक ओळखीचे. माझ्या स्कूटीचा रंगसुद्धा त्यांनीच निवडला, का तर तो मळत नाही. माणूस वाईट नाही. लई जीव लावतो. पण जीव लावणारी माणसं विचारत नाहीत, ही आमच्याकडची रीतच आहे.

मुलगा पुण्यात नोकरीला होता, गाव मोहोळकडचं. दिसायला बरा होता. बोलण्याचं मात्र अवघड होतं. साखरपुडा झाल्यावर रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलीस का?"

"नाही अजून. तुम्ही?"

"नाही अजून."

मग दोघंही गप्प. मी गॅलरीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघत बसायची. लग्नानंतर काय बोलणार आपण, हाच विचार चालायचा. एकदा अशीच गप्प असताना त्यानं विचारलं, "तू मोबाईलवर गेम खेळतेस का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "खेळून बघ की. मी खेळतो. आपल्याला बोलायला तरी मिळेल काहीतरी." हे तो इतकं सरळ बोलला, की मला पहिल्यांदा तो थोडा आवडला.

तो गेम म्हणजे एक मोठी खोटी दुनिया होती. डोंगर, गुहा, राक्षस, आणि जगभरातली माणसं त्यात आपापली पात्रं घेऊन हिंडत असतात. सुरुवातीलाच पडद्यावर प्रश्न आला, तुम्हाला काय व्हायचंय? योद्धा, शिकारी, चोर, जादूगार. मी कारखान्यात डबा खाता खाता तो प्रश्न बघत बसले. मला हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. मी जादूगारीण घेतली. केस लाल केले. आग, बर्फ आणि औषधोपचार अशा तीन विद्या होत्या, त्यातली मी आग घेतली. नाकावर राग असणाऱ्या बाईनं दुसरं काय घ्यायचं?

तो योद्धा होता. सोनेरी चिलखत, खांद्यावर भलीमोठी तलवार, लेव्हल तर इतकी वरची की नवखे खेळाडू त्याला बघून वाकून नमस्कार करायचे.

जादूगारणीचं अंग म्हणजे पापड. दोन फटके बसले की चुरा. म्हणून तिनं लांबून लढायचं असतं. आग फेकायची, मागं सरायचं, परत फेकायची. हे जमेपर्यंत मी उंदरांच्या हातून मेले, कोळ्यांच्या हातून मेले, एका बदकाच्या हातूनही मेले. मेलं की स्मशानातून भूत होऊन निघायचं आणि आपल्या मढ्यापाशी चालत यायचं, की परत जिवंत. हळूहळू हात बसला. डब्याच्या सुट्टीत बाहेर मागांचा खडखडाट चालू असायचा आणि मी हिशेबाच्या टेबलाखाली मोबाईल धरून रानडुकरं जाळत असायची.

प्रत्येक लेव्हलला एक पॉइंट मिळतो. तो कुठल्या विद्येत घालायचा, हे आपण ठरवायचं. मी सगळे आगीत घातले. एक तेवढा उजेडाच्या गोळ्यात घातला. हा गोळा डोक्यावर तरंगतो, बस. कुणाला मारत नाही, कुणाला वाचवत नाही. गुहेत गेलं की मला तो बरा वाटायचा.

"तो पॉइंट वाया गेला," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं.

आता फोनवर आम्ही भरभरून बोलायला लागलो होतो. एरवी मी त्याला 'तुम्ही' म्हणायची, पण लढताना तोंडातून "अरे, मागं हो ना" असं निघून जायचं आणि तो हसायचा. फक्त एक खटकायचं. मी एखादा राक्षस निम्मा मारत आणला, की हा मधे घुसायचा आणि एका वारात संपवायचा. मी म्हणायची, "माझा होता तो." तो म्हणायचा, "अगं, तुला त्रास नको म्हणून." आण्णा अगदी याच आवाजात स्कूटीच्या रंगाबद्दल बोलले होते. पण तेव्हा मी ते तसंच सोडून दिलं.

मग बस्त्याचे दिवस आले. लग्नाचं सगळं कापड एकदम घ्यायला दोन्ही घरची माणसं नवी पेठेत जाऊन बसतात, त्याला बस्ता म्हणतात. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, शालू, सगळं त्यातच. म्हणजे दोन-तीन दिवस मोबाईलला हात लावायची सोय नव्हती. इकडं माझी हजेरी मोडणार होती. त्या गेममध्ये रोज नुसतं आत डोकावलं तरी हजेरी लागते, आणि महिनाभर खंड पडला नाही तर जादूगारणीला लाल काठी मिळते. महिना भरत आला होता. मी त्याला पासवर्ड दिला आणि सांगितलं, "हजेरी तेवढी लावा." आमच्याकडं पासवर्ड म्हणजे शेजारी ठेवलेली किल्ली. आईचा आण्णांना माहीत, आण्णांचा सगळ्या गल्लीला. शिवाय साखरपुडा झालेला. आता काय परकं, असं वाटलं.

दुकानात गादीवर दोन्हीकडच्या बायका ऐसपैस बसल्या होत्या. मी एका मोरपंखी शालूवर हात ठेवला. त्याची आई म्हणाली, "तो नको गं, उठून दिसत नाही. हा अबोली घेऊ." माझी आई लगेच, "व्हय की. पोरीला काय कळतंय त्यातलं, तुमीच बघा." अबोली बांधला गेला. मला फारसं लागलं नाही, खरंच. घरी जाऊन लाल काठी बघायची, हेच डोक्यात होतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पिशव्या उतरवल्या, पाणी प्यायले आणि गेम उघडला. माझी जादूगारीण मला ओळखूच येईना. पांढरा झगा, सोनेरी काठ. लेव्हल कुठल्या कुठं गेलेली, मला वर्षभरात जमली नसती इतकी वर. आणि आग नाही. त्या गेममध्ये विसर पाडणारा एक काढा असतो. तो पाजला की पात्र शिकलेलं सगळं विसरतं आणि पॉइंट मोकळे होतात. त्यानं स्वतःजवळचा, मोठ्या मुश्किलीनं मिळवलेला काढा तिला पाजला होता आणि सगळे पॉइंट औषधोपचारात घातले होते. बटणं बघितली. जखम भर. ढाल दे. बळ दे. सगळीच दुसऱ्यासाठी. उजेडाचा गोळाही गेला होता. खाली त्याचा मेसेज होता, "सरप्राइज! दोन दिवस रजा टाकून केलं. आता तू माझ्या मागं उभी राहायचं, मी लढतो, तू मला बरं करायचं. तुला कुणी हात लावणार नाही."

लाल काठी मिळाली होती. तिला ती वापरता येत नव्हती, कारण ती आगीची होती.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला भीती वाटली. हा माणूस वाईट असता तर सोपं होतं, पण त्यानं हे सगळं प्रेमानं केलं होतं, रजा टाकून. असाच तो पुढं माझी नोकरी सोडवील, माझं घर मांडील, माझा दिवस ठरवील, आणि वर विचारील, खूश ना? 'बाकी सगळं' म्हणजे काय, ते मला मोबाईलच्या पडद्यावर दिसलं होतं. लग्नपत्रिकेचा मजकूर तयार होता. सोमवारी आण्णा प्रेसमध्ये नेऊन देणार होते. मोडायचं असेल तर त्याच्या आत बोलायला हवं होतं. एकदा पत्रिका छापली की आमच्याकडं मुलगी मागं फिरत नाही.

आईनं तोंड बघून विचारलं, "भांडलीस का काय गं?"

मी सांगितलं. तिला गेम समजावण्यातच चहा गार झाला. शेवटी ती म्हणाली, "मग बरंच केलं की त्यानी. तुझं काम हलकं केलं. येवढ्यावरनं कोन तोंड फुगवतं व्हय?"

मी फोन लावला.

"तुम्हाला काय सांगितलं होतं मी?"

"हजेरी लावायला."

"मग?"

"अगं, तुला किती वेळ लागला असता. सुखात ठेवायचं म्हणून—"

"सुख मागितलं नव्हतं मी. हजेरी लावायला सांगितली होती."

तो म्हणाला, "अजून एक काढा मिळवतो मी. सगळं आगीत घाल परत."

"तरी त्या लेव्हली माझ्या नाहीत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. राग पहिल्यांदाच नाकावरून खाली तोंडात आला होता, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

रविवारी सकाळी मी ती जादूगारीण पुसून टाकली. गेमनं विचारलं, खात्री आहे का? हो म्हटलं तर परत विचारलं, नक्की? साखरपुड्याला मला एकदाही विचारलं नव्हतं. मग नवी काढली. लाल केस, आग, लेव्हल एक, हातात वाळकी काठी. त्याला मेसेज केला, "पहिल्यापासून सुरू करतेय. यायचं तर या. पण कशालाही हात लावायचा नाही." हे लिहिताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं. यानं हात लावला, तर आज संध्याकाळी आण्णांशी बोलायचं.

तो आला. सुरुवातीच्या गावात विहिरीजवळ त्याचा सोनेरी योद्धा उभा राहिला आणि नवखी पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. मी रानाकडं चालू लागले, तो मागून येत राहिला. कानात त्याचा आवाज येत होता, म्हणजे नुसता श्वास. पहिलं रानडुक्कर माझ्यावर धावलं आणि त्याची तलवार खाड्कन बाहेर आली. डुक्कर आडवं.

"चुकून," तो म्हणाला. "हाताची सवय गं."

मी मोबाईल बाजूला ठेवणार होते. मग म्हटलं, "परत चुकलात तर मी जाणार."

"कुठं?"

"कायमची."

त्याला कळलं. बोलणं गेमबद्दल चाललेलं नाही, हे त्याला त्या एका शब्दात कळलं. "बरं," तो म्हणाला, एवढंच.

त्यानंतर मी डुकरं मारली. एकेकाला किती वेळ लागला, विचारू नका. त्याची तलवार म्यानात होती. मग झुडपातून लांडगा आला. लेव्हल दोनच्या जादूगारणीला लांडगा झेपत नाही. मी आग फेकली, मागं सरले, परत फेकली. मागं झाड होतं.

"मारू का?" त्यानं विचारलं. आवाज घाईचा होता, पण विचारलं.

"नको."

तो एक पाऊल पुढं आला आणि थांबला. मी मेले.

स्मशान लांब होतं. भूत होऊन ओढा ओलांडून, टेकडी चढून मी माझ्या मढ्यापाशी आले. तिथं तो उभा होता, आणि लांडगा त्याला चावत होता. मी मेल्यावर लांडगा त्याच्यावर उलटला होता. त्याच्या एका थपडेत तो मेला असता. पण तलवार म्यानातच. लांडगा पोटरीला, मांडीला, कमरेला तोडतोय आणि हा आपला सोनेरी खांबासारखा उभा.

"अहो, मारायचा की," मी म्हटलं.

"तुझा लांडगा आहे," तो म्हणाला.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी जिवंत झाले आणि लांबून आग फेकायला लागले. लांडगा मेला. माझी लेव्हल तीन झाली. एक पॉइंट आला, तो मी उजेडाच्या गोळ्यात घातला. त्यानं तो बघितला आणि काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णा चपला घालत होते, हातात पत्रिकेचा कागद. मी दारात जाऊन म्हटलं, "आण्णा, द्या छापायला."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "देनारच हाय की. तुला कुनी इचारलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी आपलं सांगितलं."