पिशवीतले केस

मूर्तिजापुरात सत्यभामाबाईंची पिठाची चक्की आहे. तिथं दळणाचे पैसे पडतात, सल्ला फुकट मिळतो. कोणाचा गुडघा धरला, कोणाचं लेकरू जेवत नाही, कोणाच्या घरात पाल चुकचुकली, सगळ्याला बाईंकडे उत्तर तयार. आणि उत्तर चुकलं तर ते ऐकणाऱ्याचंच चुकलं, असा त्यांचा हिशेब. अशी बाई श्रावण सरल्यावर एकाएकी गप्प झाली, तेव्हा गिऱ्हाइकांनाच करमेना.

झालं होतं असं की, केसांची पिशवी भरली होती.

त्यांच्या न्हाणीच्या दाराआड खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते. विंचरताना निघालेले केस बोटाला गुंडाळायचे आणि तीत टाकायचे. उकिरड्यावर फेकायचे नाहीत, कोणी करणी केली म्हणजे? वर्षाकाठी केसांवर भांडी देणारी बाई गल्लीतून ओरडत जाते. ती पिशवी घेते आणि एखादी वाटी नाहीतर चहाची गाळणी देते. एरवी वर्षभरात जेमतेम अर्धी होणारी पिशवी यंदा दोन महिन्यांत ठासून भरली. बाईंनी ती खिळ्यावरून काढली आणि उजेडात नेऊन पुन्हा पुन्हा दाबून पाहिली.

केस हा त्यांचा अभिमान होता. चौपन्नाव्या वर्षीही कमरेपर्यंत वेणी. दर महिन्याला काळी मेंदी लावून ती अशी जपलेली की पांढरा केस म्हणून दिसू नये. त्यांच्या मावशीचे केस असेच भराभर गेले होते, आणि केसांमागून चार महिन्यांत मावशीही गेली. ते बाईंनी कोणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून उठता-बसता त्यांच्या डोक्यात तेवढंच.

मग त्यांनी केस मोजायला घेतले. एका दिवशी तीस भरले, दुसऱ्या दिवशी सत्तर. खरं कोणतं धरायचं? डोकं धुतल्यानं जातात असं वाटून दहा दिवस डोक्याला पाणीच लावलं नाही. अकराव्या दिवशी धुतलं तर मूठभर केस हातात आले. बाई न्हाणीच्या दगडावरच बसून राहिल्या.

शेजारची गुलनार शिवणकाम करते. ती म्हणाली, "काकी, कांद्याचा रस लावा. माह्या नणंदेले फरक पडला." लावला. तीन दिवस गिऱ्हाइकं चक्कीवर हातभर लांब उभी राहिली. एकीनं बोअरच्या पाण्यावर खापर फोडलं, दुसरीनं शाम्पूवर. मोबाइलमधला एक डॉक्टर म्हणाला, दिवसाला शंभरापर्यंत केस गेले तरी काही बिघडत नाही. त्याच्याच खालचा दुसरा म्हणाला, अंगावर काढू नका. बाईंना कळेना की दोघांतला शिकलेला कोणता. त्यात मागे पलीकडच्या जिल्ह्यातल्या काही गावांत लोकांचे केस भसाभस गेले होते आणि संशय गव्हावर आला होता, त्याची आठवण कोणीतरी काढली. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक गव्हाचा डबा तसाच उचलून घेऊन गेलं. चक्कीवालीचेच केस चालले तर पिठाचा काय भरवसा!

शेवटी पोरानं, किशोरनं, अकोल्याच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून सोबत सून आली, साधना. लग्नाला तीन वर्षं झालेली, चक्कीवर दिवसभर राबणारी आणि बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी. बाईंनी पिशवीही सोबत घेतली. पुरावा हवा ना!

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून डोकं पाहिलं. मग पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हळूच ओढली. दोन केस आले.

"एवढेच?" बाई जवळजवळ नाराज झाल्या.

"एवढेच. तुमचा भांग रुंद झालेला नाही, कुठं चट्टा नाही, खाज नाही, कोंडा नाही. जुने केस रोज जातातच, नवे येतात. दहा दिवस धुतलं नाही म्हणून दहा दिवसांचे एकदम आले."

"मंग हे काय हाय?" बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "दोन महिन्यांत भरली!"

दुसऱ्या कोणी डॉक्टरनं ती बाजूला सारली असती. यांनी हातमोजे घातले, दोन-चार गुंडाळ्या सोडवल्या आणि केस पांढऱ्या कागदावर मांडले. काही केसांची मुळाकडची नखभर लांबी पांढरी होती, पुढं मेंदीचा काळा. बाकीचे मुळापासून टोकापर्यंत काळेभोर. असे केस चार वाटे, तर मेंदीचे एक वाटा.

"काळे तुमचे नाहीत. घरात अजून कोण आहे?"

बाई वळल्या. साधना भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती, डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटलेली.

"तू टाकून राहिली व्हय यात?"

"तुमीच तं सांगतलं होतं," साधना म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. केस इकडंतिकडं फेकाचे नाई, पिशवीत टाकाचे."

बाईंना ते आठवतही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी साधनाला समोर घेतलं आणि ओढणी काढायला लावली. भांग बोटभर रुंद झाला होता. बट ओढली तर पंधरा-सोळा केस आले. त्यांनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी खाली करून पाहिली आणि विचारलं, "जिने चढताना दम लागतो? चक्कर?"

साधनानं मान डोलावली.

"आज काय खाल्लं?"

"आज गुरुवार हाय."

"बरं. काल?"

"काल चतुर्थी होती."

"आणि सोमवारी?"

साधना खाली पाहत राहिली. तिनं सासूकडे बोट दाखवलं नाही, नजरसुद्धा टाकली नाही. उत्तर द्यायला एकच माणूस उरलं होतं.

"म्या सांगतलं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पाळणा हालावा म्हणून. दीड वर्ष झालं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. खालच्या लॅबमधून रक्ताचा कागद आला, त्यावर हिमोग्लोबिन साडेसात होतं. शरीराला पुरेना झालं की ते आधी केसांचं तोडतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दोन-तीन महिन्यांनी ते कंगव्यात दिसतं. गोळ्या लिहून दिल्या. थायरॉइडही तपासायचं होतं. केस परत येतील, सहा-आठ महिने लागतील. "पण उपास आजपासून बंद. अशा रक्तावर मूल राहिलं तर दोघांनाही जड जाईल."

बाहेर आल्यावर बाईंना खरं म्हणजे हलकं वाटायला हवं होतं. आपल्याला काही झालेलं नाही! पण तसं वाटेना. देवासाठी केलेलं वाईट कसं होईल, आणि वाईट झालं असेल तर ते देवाच्या खात्यात घालायचं की आपल्या? नवस मधेच सोडला तर? चक्कीवर उद्या कोणी विचारलं तर सांगायचं काय? इतके दिवस रोज आपलं डोकं आरशात पाहिलं, आणि रोज समोर पीठ भरणाऱ्या पोरीकडे एकदाही पाहिलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

अकोल्याच्या स्टेशनाबाहेर गरम आलूबोंडे निघत होते. बाईंनी एक प्लेट घेतली आणि साधनापुढे धरली.

"आई, गुरुवार हाय आज."

"मले मालूम हाय. खाय."

साधनानं एकदा सासूकडे पाहिलं, मग प्लेटीकडे. दोन्ही आलूबोंडे तिनं उभ्याउभ्या संपवले, तळलेल्या मिरचीसकट, चावायलाही न थांबता. सासूला 'तुमी खाता का' म्हणायचंही तिला सुचलं नाही. प्लेट रिकामी झाल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "अजून एक घेऊ का?"

सत्यभामाबाईंनी रिकामी प्लेट आलूबोंडेवाल्यापुढे केली. तीन वर्षांत या पोरीनं आपल्या तोंडानं काही मागितल्याचं त्यांना आठवेना.