कोरडं पान

अन्याय झाला शांतामावशींवर, परवा रविवारी, सिनेमा सुटल्यावर पाचच मिनिटांत. सिनेमा होता विडी कामगार बाईवरचा. आम्ही कामगार संघटनेची पोरं बाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता मतं ठोकत होतो. जन्मभर विड्या वळलेल्या मावशी म्हणाल्या, "मला नाही पटला." लगेच आमच्यातला एक विद्वान म्हणाला, "मावशी, ते प्रतीकात्मक असतं हो!"

मावशींनी कप खाली ठेवला. "असेल बाबा. पण ती कोरडं पान वळत होती. न भिजवता पान वळतं होय? हातात चुरा होईल."

मग टाळ्या पडल्या, विद्वानाच्याही! आपलंच जगणं पडद्यावर बघून 'हे खोटं आहे' म्हणणं, हा हक्कच की. तो मावशींनी भर टपरीवर मिळवला. तुम्हीही पुढच्या वेळी आपलं मत गिळा आणि ज्यांच्यावर सिनेमा काढलाय, त्यांना आधी बोलू द्या.