पंख्याखालची दुपटी

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. तिच्या गावाला लागूनच कोळशावर चालणारं वीजकेंद्र आहे. अंगणात वैशाखाचं ऊन रणरणत होतं. बाळाची दुपटी घटकाभरात कडकडीत वाळतील म्हणून मी बादली घेऊन निघाले, तर ती खाटेवरूनच ओरडली, "ताई, बाहेर नको टाकू! राख बसते."

दोरी खोलीतच बांधलेली होती. म्हणे गावात घरोघरी हेच. मी दुपटी पसरली, पंखा पाचवर केला आणि बघत बसले. दुपटी वाळवायला पंखा, पंख्याला वीज, विजेसाठी कोळसा, आणि त्या कोळशाची राख चुकवायला दोरी घरात. ऊन आपलं दारात ताटकळत उभं. त्याच उन्हावर हा पंखा फिरवता येतो, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तरी आपण जमिनीच्या पोटातला अंधार उकरून काढतो आणि उजेडासाठी तो जाळत बसतो. कुणाला सांगावं? मला तरी कुठे सुचलं होतं, माझ्या घरातला दिवा कुणाच्या अंगणावर राख टाकून जळतो ते!

संध्याकाळपर्यंत दुपटी वाळली. पांढरीशुभ्र, राखेचा एक कण नाही. "बघ, आत टाकली की कशी स्वच्छ राहतात," बहीण समाधानाने म्हणाली.

त्यातल्याच एका दुपट्यात मी बाळाला गुंडाळून मांडीवर घेतलं. अजून बारसंही न झालेलं ते पोर एखाद्या म्हाताऱ्यासारखं खोकलं.