तात्यांच्या उसाचे तुरे

कऱ्हाटीच्या रस्त्यावर तात्यांच्या उसाला पांढरे तुरे आलेले दिसले. मी गाडी थांबवून डोळे भरून पाहून घेतले.

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो तेव्हाची गोष्ट. साखर कारखान्याच्या सभेत उठून मी विचारलं, साखर इतकी निघते, मग उसाला भाव का नाही? चेअरमन तात्यांनी नुसती भुवई हलवली आणि माझा माईक बंद झाला. मला कळलंच नाही, मी बोलतच राहिलो. मांडवात मळीचा आंबूस वास होता आणि पुढच्या रांगा हसत होत्या.

“सर, ह्ये कॉलेजात शिकवा. हितं ऊस पिकतो,” तात्या म्हणाले.

त्या हंगामात आमच्या रानाकडं कारखान्याची ऊसतोडणीची टोळी फिरकलीच नाही. तुरे आले, उसाची चिपाडं झाली, शेवटी वडिलांनी स्वतःच्या हातानं फड पेटवला. तेव्हा त्या हसण्याची लाज वाटायची. आता वाटतं, मी निवडून आलो तो त्याच दिवशी.

आज चेअरमनच्या खुर्चीत मी आहे. दुपारी तात्यांचा फोन आला.

“सर, आमच्याकडं टोळी कधी धाडताय? ऊस वाळाय लागलाय.”

“बोला तात्या, ऐकतोय,” मी म्हणालो, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि निवांत चहा प्यायलो. तात्या बोलतच राहिले.