वन्संचं उत्तर

आमच्या वन्संइतकं खरं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि पुन्हा पाहायची हौसही नाही. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. आईबापांकडून बाळांत उतरणारे रक्तातले दोष शोधण्यात, मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत, सगळा जन्म घातला. नव्वदच्या सुमारास आम्ही नेरुळला फ्लॅट घेतला तेव्हा त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि त्यांच्याबरोबर फ्रिजच्या दारात तान्ह्या मुलांच्या लघवीच्या बाटल्याही आल्या. प्रत्येक बाटलीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी असायची, तरी पाहुणे आमच्याकडे सरबत घेताना दचकत. तान्हं मूल दिसलं की वन्सं आधी त्याचा लंगोट हुंगत. काही जन्मजात आजार म्हणे यंत्राच्या आधी नाकाला कळतात. सोसायटीतल्या बायका त्यांना जिन्यात पाहिलं की बाळाला पदराखाली घेत. बारशाला गेल्या तरी पाळण्यावर वाकून ‘छान आहे हो बाळ’ म्हणणं त्यांना जमत नसे. ‘आज तरी काही दिसत नाही,’ म्हणत. माझ्या भाचीच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी पत्रिका बाजूला सारून मुलाचं आणि मुलीचं रक्त तपासायला मागितलं, आणि ती बैठक चहावरच उठली.

जवळच्या करावे गावाहून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना मात्र वन्संचं भारी कौतुक. मावशींनी आपल्या भावाचीच मुलगी सून करून आणली होती. तिची दोन बाळं जन्मल्यापासून पंधरवड्याच्या आत गेली होती. तिसरं झालं तेव्हा वन्सं कुणी न बोलावता करावेला गेल्या. मी सोबत होते. घरात पाचवीची पूजा मांडली होती. वन्संनी लंगोट हुंगला आणि त्यांचा चेहरा उतरला. मीही वाकले. जळक्या काकवीसारखा गोड वास येत होता, आणि बाळ दूध ओढेनासं झालं होतं. तपासणीत शंका खरी ठरली. आईच्या दुधातलं पोषणच त्या जिवाला विष होत होतं. त्यावरचं वेगळं दूध तेव्हा इकडे मिळत नव्हतं. वन्संनी परदेशातल्या ओळखीच्या लोकांना फोन केले, डबा निघालाही. पण तो पोचायच्या आधीच बाळ गेलं.

आठवड्याभरानं मावशींच्या घरी भाऊबंद जमले. सून पांढऱ्या पायाची आहे, तिला माहेरी धाडा, असं ठरत आलं होतं. ओली बाळंतीण आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. वन्सं मला घेऊन त्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या. दोष नवऱ्याच्या आणि बायकोच्या रक्तात सारखाच आहे, एकाच घराण्यातून दोघांत उतरलाय, आणि पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका राहणार, हे त्यांनी शाळेतल्या पोरांना सांगावं तसं समजावलं. मग मावशींनीच विचारलं, “बाई, येक सांगा. पोराला दुसरी बायको आनली, त पोरं जगतीन का?”

उत्तर मला ठाऊक होतं, आदल्याच दिवशी वन्संनी जेवताना सांगितलं होतं. परक्या घराण्यातली मुलगी आली असती, तर बाळं बहुधा धडधाकट झाली असती. वन्संनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

“ते सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या.

सून घरात राहिली. पुन्हा मूल नको, असं त्या नवरा-बायकोनं ठरवलं, आणि मावशींनी त्यावर कधी अक्षर काढलं नाही. असं कुटुंब वन्संना उभ्या नोकरीत दुसरं मिळालं नव्हतं; त्यावर शोधनिबंध लिहिला असता तर नाव झालं असतं. सहकारी मागे लागले, तरी त्यांनी लिहिला नाही. ज्या घरात आपण शास्त्र सोडून बोललो, त्या घराचं शास्त्र कुठल्या तोंडानं छापायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढे विभागप्रमुखाची जागा त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली.

त्या निवृत्त झाल्यावर एकदा गॅलरीत मेथी निवडत बसलो होतो. मी भीतभीत विचारलं, मावशींनी पुन्हा तेच विचारलं असतं तर?

“खरं सांगितलं असतं. दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती.” त्यांनी मेथीची पुढची काडी उचलली. मग हळूच म्हणाल्या, “पण तिनं विचारलं नाही ना. भावाची लेक होती गं तिची. सगळ्यांच्या देखत तिला तेवढंच ऐकायचं होतं.”